आतून रंग कधी लावला?

मेढ्याला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, ग्रिल, लोखंडी जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड असं सगळं अण्णा करतात. मी नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी माझ्यावर एक काम सोपवलं. वरच्या आळीतल्या एका घरासाठी टाकीचा स्टँड करायचा होता. बोळ इतका अरुंद की वेल्डिंग केलेला अख्खा स्टँड आत गेलाच नसता. म्हणून अँगलचे तुकडे दुकानात कापून, भोकं पाडून, तिथे नेऊन नट-बोल्टने जोडायचे ठरले. माझं काम सोपं होतं. प्रत्येक तुकडा पॉलिश पेपरने घासायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचा आणि रेड ऑक्साईडचे दोन हात मारायचे.

जाताना अण्णा म्हणाले, "अँगलवर अँगल बसणार हाय, तिथं आधी मार. दिसतं तिथं कुणीबी मारतंय."

त्या दिवशी आमची मॅच होती. मी दिसतं तिथे रंग मारला. जोडावर जे भाग एकमेकांवर बसणार होते ते तसेच ठेवले. कोण बघणार होतं? दुसऱ्या दिवशी स्टँड जोडून झाला, वरून ऑइल पेंट लागला आणि काम चकचकीत दिसलं.

चौथ्या पावसाळ्यात त्या स्टँडचा एक पाय सुटला. जोडाच्या आत पाणी शिरलं होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून फुगला, दोन अँगल एकमेकांपासून उचकटले आणि शेवटी बोल्ट तुटला. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी. ती कलंडून भिंतीवर टेकली. त्या घरातल्या आजी थोड्याच वेळापूर्वी तिथल्या नळावर कळशी भरून आत गेल्या होत्या.

अण्णांनी स्वतःच्या पैशाने नवा स्टँड करून दिला. मला काहीही बोलले नाहीत. जुन्या स्टँडचा तो जोड मात्र दुकानात खिळ्याला टांगून ठेवला. अजून आहे.

*

पुढच्याच फेब्रुवारीत, म्हणजे 2016 साली, मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर सगळ्यांच्या फोनवर एकच फोटो फिरत होता. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता आणि तिथे एक पांढरं, सहा आसनी विमान उभं होतं. ते कुठल्या कारखान्यात बनलं नव्हतं. जेट एअरवेजचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी ते कांदिवलीत, चारकोपमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि 180 किलोचं इंजिन, सगळं जिन्यावरून वर चढवलेलं. विमान बांधायचा नाद 1998 पासूनचा. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते, हे तिसरं विमान होतं. विमान गच्चीवरून उडून खाली येऊ शकत नाही, म्हणून त्याचे भाग सुटे करून क्रेनने उतरवले होते.

मी रात्री घरी फोन केला आणि अण्णांना हे सगळं रंगवून सांगितलं. वेग किती, उंची किती, इंजिन कसलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आरं, आन् आतनं रंग कवा मारला त्यानं? जोडल्यावर हात कुठं शिरतुया?"

मला त्या वेळी हसू आलं. नंतर तो प्रश्न डोक्यातून जाईना. खिळ्याला टांगलेला तो जोड मी पाहिलेला होता ना. विमानाच्या पंखाचा आतला भाग, शेपटीतल्या फासळ्या, पत्र्यावर पत्रा बसतो त्या हजारो जागा. तिथे रंग असतो का? असतो तर तो कधी लावतात? गेल्या काही वर्षांत ऑफिसचं काम संपल्यावर मी याच्यावर जे सापडेल ते वाचत गेलो. आणि लक्षात आलं की विमानात धातू आला, तेव्हापासून त्याच्या मागोमाग हाच प्रश्न आलेला आहे.

*

सुरुवातीच्या विमानांना हा प्रश्न नव्हता, कारण ती लाकूड आणि कापडाची होती. 1903 मध्ये राइट बंधूंनी जे विमान उडवलं, त्यात ॲल्युमिनियम होतं ते इंजिनाच्या बाहेरच्या कवचात. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. आपल्याकडे खेडोपाडी ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचं पातेलं हातातून पडलं की पोचा येतो. अशा धातूचा पंख कोण करणार?

योगायोग असा की या अडचणीवरचा उपाय खऱ्याच जर्मन माणसाला सापडला. आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ बर्लिनजवळ प्रयोग करत होता. 1906 मध्ये त्याने ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात बुडवून थंड केलं. लगेच मोजलं तर विशेष काही नव्हतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा मोजलं तर तोच तुकडा कितीतरी कडक झालेला! कोणी हात न लावता, नुसता ठेवल्या ठेवल्या. या मिश्रधातूला 'ड्युरल्युमिन' नाव मिळालं. झेपेलिनची हवाई जहाजं, युंकर्सची विमानं यातून तयार झाली.

पण ज्या तांब्याने ताकद दिली, त्यानेच घात केला. शुद्ध ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की त्याच्यावर आपोआप अतिशय पातळ ऑक्साईडचा थर चढतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. आईला हे रसायन माहीत नाही, पण 'ताक जर्मनच्या भांड्यात ठेवू नका' हे माहीत आहे. आंबटाने तो थर जातो आणि भांड्याला बारीक टोचे पडतात. ड्युरल्युमिनमध्ये तांबं असल्यामुळे हा थर मुळातच कच्चा. दमट, खाऱ्या हवेत धातू वरून ठीक दिसतो आणि आतून कणाकणांच्या सीमांवर पोखरला जातो. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा. 1920 च्या दशकात अमेरिकेत हेन्री रॉडन यांनी यावर सविस्तर अभ्यास केला. जुन्या विमानांचे पत्रे वाकवले की तुकडे पडत होते. लोकांना भीती वाटू लागली, की धातूची विमानं काही वर्षांनी आपोआप ठिसूळ होणार असतील तर ती बांधायचीच कशाला?

याला दोन उत्तरं निघाली. पहिलं 1927 मधलं. अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्स यांनी कडक मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून चिकटवला. त्याला 'अल्क्लॅड' म्हणतात. पितळेच्या पातेल्याला आपण कल्हई करतो, तसंच हे. ताकद आतल्याची, बचाव वरच्याचा. मात्र पत्रा कापला की कडेला आतला धातू उघडा पडतो, आणि भोक पाडलं की भोकाच्या आतही. विमानात भोकंच भोकं. घरी बांधायच्या दोन आसनी विमानातसुद्धा दहा हजारांच्या आसपास रिव्हेट लागतात.

म्हणून दुसरं उत्तर लागलं, झिंक क्रोमेटचं अस्तर. 1930 च्या दशकात अमेरिकी प्रवासी विमानांत आणि मग सैन्याच्या विमानांत ते आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे आतले फोटो पाहिलेत तर सगळीकडे एक विचित्र पिवळट हिरवा रंग दिसतो, तोच हा. तो नुसता झाकून ठेवणारा रंग नाही. ओरखडा पडला आणि ओलावा आत शिरला, की अस्तरातलं थोडंसं क्रोमेट विरघळतं, ओरखड्यापर्यंत पोचतं आणि तिथे नवा संरक्षक थर धरतं. अण्णांच्या रेड ऑक्साईडला हे जमत नाही. तो बिचारा झाकतो, एवढंच. तसं पाहिलं तर रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचा ऑक्साईडच, गंजाचाच भाऊबंद. गंजाला अडवायला आपण गंजाचीच भुकटी तेलात कालवून लावतो.

हे ज्ञान आपल्याकडे उशिरा आलं असं समजू नका. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. तिथे मुख्य डिझायनर झाले विष्णू माधव घाटगे. त्यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. त्यांच्या चमूने केलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. ते संपूर्ण धातूचं होतं. मराठीत घरच्या विमानाचा विषय निघाला की गाडी 1895 च्या चौपाटीवर आणि शिवकर बापूजी तळपद्यांवर जाते. त्यांच्या त्या उड्डाणाच्या गोष्टीवर सिनेमाही निघाला. घाटग्यांचं नाव मात्र मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एकाही वर्गात ऐकू आलं नाही. कोणी उडालं का, यावर आपण तावातावाने भांडतो. पत्रा कसा जोडला, हे कोणी विचारत नाही.

*

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. विमानाला आतून रंग कधी लावतात? ते विमान होण्याच्या आधी.

घरी विमान बांधणाऱ्यांची जगातली सगळ्यात मोठी संघटना अमेरिकेत आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी ती 1953 मध्ये सुरू केली. आता तिकडे पत्रे आणि सुटे भाग यांचा संच पोस्टाने घरी येतो आणि लोक गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ते जोडत बसतात. एकट्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांच्या 'आरव्ही' मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं अशी उडाली आहेत. त्यांची पद्धत वाचताना मला आमचं दुकान दिसत होतं.

आधी सगळे भाग तात्पुरत्या चापांनी जुळवून बघायचे. त्याच अवस्थेत भोकं शेवटच्या मापाची करायची. मग, आणि इथेच नवशिक्याचा जीव जातो, ते सगळं पुन्हा सुटं करायचं. प्रत्येक भोकाची आणि कडेची चोट काढायची. खरखरीत पॅडने पत्रा घासायचा. तेलकटपणा घालवायचा. तो गेला का, हे बघायची युक्ती फार सुंदर आहे. पत्र्यावर पाणी ओतायचं. पाणी सलग पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. थेंब गोळा झाले तर कुठेतरी अजून तेल आहे, पुन्हा घासा. त्यानंतर उघड्या बोटाने शिवायचं नाही, कारण बोटालाही तेल असतं. मग स्प्रे गनने अस्तराचा पातळ हात. किती पातळ? साधारण 15 ते 25 मायक्रॉन. आपला केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. जास्त जाड हात मारला तर वजन वाढतं आणि रंग पोपडे धरतो. वाळलं की भाग परत जुळवायचे आणि रिव्हेट ठोकायचे. एकदा रिव्हेट बसला की त्या दोन पत्र्यांमधली जागा कोणालाही दिसत नाही.

हे करावंच का, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, अल्क्लॅडवर पुन्हा अस्तर कशाला? वजन वाढतं, महिने जातात, आणि आतून कोरी राहिलेली साठ-सत्तर वर्षांची सेस्ना विमानं कोरड्या मुलखात अजून उडताहेत. दुसरी बाजू म्हणते, तुमचं विमान उद्या समुद्राकाठी कोणी विकत घेतलं तर? दोघांचंही खरं आहे. उत्तर धातूत नसून हवेत आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गॅरेजला जे चालतं, ते चारकोपच्या गच्चीला चालत नाही. तिथून खाडी जवळ, आणि वर्षातले चार महिने पाऊस. आणि मेढ्याला तर नाहीच. वेण्णेच्या खोऱ्यात जूनमध्ये पाऊस लागला की काडेपेटी सादळते, पुस्तकांना बुरशी येते, कुलपात किल्ली फिरत नाही.

हवा काय करू शकते, ते 28 एप्रिल 1988 ला जगाने पाहिलं. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737 विमान 24 हजार फुटांवर होतं. अचानक पुढच्या भागाचं जवळपास साडेपाच मीटर लांबीचं छप्पर उडून गेलं. विमानात 95 माणसं होती. वैमानिकांनी ते उघडं विमान उतरवलं. एक हवाई सेविका बाहेर खेचली गेली, ती सापडली नाही. विमानाची 89 हजारांहून जास्त उड्डाणं झाली होती, बहुतेक सगळी छोटी, बेटाबेटांमधली, खाऱ्या हवेतली. चौकशीत कारण निघालं ते पत्र्यावर पत्रा बसतो त्या जोडाचं. तिथला चिकटवलेला थर सुटला होता, आत ओलावा शिरून धातू खराब झाला होता आणि रिव्हेटच्या ओळीने भेगा गेल्या होत्या. तपासणाऱ्यांना ते वेळेवर दिसलं नव्हतं.

हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वरच्या आळीतल्या आजी आणि त्यांची कळशी डोळ्यापुढे आली. मी तो बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही.

*

या अस्तराची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती मारणाऱ्याच्या वाट्याला येते.

गावच्या मारुतीला आपण जो शेंदूर लावतो, तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईड. इंग्रजांच्या काळात लोखंडी पुलांना आणि जहाजांना 'रेड लेड'चं अस्तर असायचं, ते रसायन तेच. लोखंडाला उत्तम, माणसाला विष. क्रोमेटची गत तीच. ज्या क्रोमियममुळे ओरखडा आपोआप भरतो, त्याच क्रोमियमचे कण श्वासातून गेले तर फुप्फुसाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या पदार्थांत टाकलं. अमेरिकेने 2006 मध्ये कामगारांसाठी मर्यादा ठरवली ती एक घनमीटर हवेत फक्त 5 मायक्रोग्रॅम. महायुद्धात कारखान्यांत हजारो हातांनी तो पिवळा हिरवा रंग फवारला, तेव्हा अशी मर्यादा नव्हती. आता घरी विमान बांधणारे बरेच जण क्रोमेट नसलेलं इपॉक्सी अस्तर वापरतात. तेही मास्क घालूनच मारायचं असतं.

हे वाचून मी अण्णांसाठी पुण्याहून कार्ट्रिजवाला चांगला मास्क घेऊन गेलो. दोन दिवस त्यांनी घातला. तिसऱ्या दिवशी तो खिळ्याला होता, त्या जुन्या जोडाच्या शेजारी, आणि अण्णांच्या नाकाला नेहमीचा रुमाल. मी चिडलो. तर म्हणाले, "आतला सांधा झाकायला तू शिकवतुयास व्हय मला?" आणि हसले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो आणि त्यांनी तोंडावर मास्क चढवल्याशिवाय कॉम्प्रेसर चालूच केला नाही. आता आई ते काम बघते.

*

यादवांच्या विमानाचं पुढे काय झालं? प्रदर्शनात टाळ्या मिळाल्या, पण उडायला कागद लागतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने नोंदणी दिली. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये मिळाली. तोपर्यंत त्यांची जेट एअरवेज बंद पडलेली होती. चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या आणि ऑगस्ट 2020 मध्ये, कोविडच्या त्या सुनसान दिवसांत, विमान जमिनीवरून उठलं. 1998 ते 2020. बावीस वर्षं.

या उशिराबद्दल सरकारी कारभाराला शिव्या घालणं सोपं आहे, आणि मीही घातल्या आहेत. पण परवानगी देणाऱ्याच्या जागी बसून बघा. समोर एक चकचकीत विमान आहे आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते सगळं बंद झालेलं आहे. काय तपासणार? अमेरिकेतल्या घरगुती बांधणाऱ्यांनी यावर एक सवय लावून घेतली आहे. जोड बंद करायच्या आधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, तारीख घालून वहीत नोंद करायची. शेवटी तपासनीस ती वही बघतो. ती वहीसुद्धा बांधणाऱ्याच्या शब्दावरच उभी असते. भोकाच्या आत अस्तर पोचलं की नाही, हे सांगणारा माणूस एकच.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. स्क्रीन सगळ्यांना दिसते, आत काय सोडून दिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत असतं. फरक इतकाच की आमची चूक बहुतेक वेळा रात्रीतून दुरुस्त करता येते. तो सुटलेला पाय मला दुरुस्त करता आला नव्हता.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरी होतो. दुकानात पुन्हा एक टाकीचा स्टँड चालला होता, पुन्हा बोल्टचा. मी न सांगता तुकडे घेतले, घासले, पुसले. एका तुकड्यावर पाणी ओतून बघितलं, थेंब गोळा झाले, म्हणून परत पुसला. अण्णा लांबून बघत होते, हे काय चाललंय म्हणून. जोडावर जे भाग एकमेकांवर बसणार होते, तिथे आधी दोन हात मारले. भोकांच्या आत बारीक ब्रश फिरवला. रात्रभर वाळू दिलं.

सकाळी अण्णांनी तुकडे उचलून टेम्पोत टाकले. एकही उलटून पाहिला नाही.